मंगळवारची गोळी

आमच्या घरी रविवारी सकाळी दोन माणसांचं बीपी बघितलं जातं. आधी आईचं, मग माझं. आई खुर्चीत पाठ टेकून बसते, दोन्ही पावलं जमिनीवर, हात टेबलावरच्या उशीवर, डोळे मिटलेले. पट्टा फुगून दंड आवळायला लागला तरी तिची पापणी हलत नाही. आकडा येतो तोही तिच्यासारखाच, एकशे तीसच्या आसपास, शहाण्या मुलासारखा. मग माझी पाळी. मी बसते, उठते, गॅस बंद केला का बघून येते, परत बसते, पट्टा उलटा लागलाय म्हणून सोडते, तेवढ्यात फोन वाजतो. शेवटी मशीन जो आकडा दाखवतं तो बघून मी मशीनलाच बोलते.

"तू बोलतंस म्हणान चढता," आई डोळे न उघडता म्हणते. "तोंड बंद ठेव, मगे बघ."

आई मालवणकडची. लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आली, चाळ पाडून टॉवर झाला, त्यात सातव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. तिची बोली मात्र कुणाला पाडता आली नाही. मी तिची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, का केलं नाही हा इथला विषय नाही. दादरच्या एका शाळेत गणित शिकवते. फळ्यापुढे उभी राहिले की माझा आवाज आपोआप चढतो, आणि पन्नाशी गाठेपर्यंत मला वाटत होतं की चढतो तो फक्त आवाज.

शाळेत शिक्षकांची तपासणी झाली तेव्हा कळलं. मी नुकतीच नववीच्या वर्गावरून तणतणत आले होते. डॉक्टरांनी एकदा मोजलं, थोडं थांबून परत मोजलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं आणि घरी मशीन आलं. आईची बीपीची गोळी तर आमच्या फ्रिजपेक्षा जुनी. रोज सकाळी पेज प्यायली की ती गोळी घ्यायची, आणि एवढ्या वर्षांत तिला कधी काही झालं नाही. घरी कुणी मोजलंही नव्हतं. आता मशीन आलंच आहे तर तुझंही बघू, असं म्हणून मी तिलाही बसवायला लागले, आणि तिची रोजची गोळी रात्रीच वाटीत काढून ठेवायला लागले. माझी शाळा सकाळची, उजाडायच्या आत मी बाहेर पडते, दुपारनंतर शिकवण्या. म्हणून दोघींचा वार ठरला रविवार.

माझा आकडा कळला त्या दिवशी आईनं तो दोनदा विचारून घेतला. भाताचा कुकर उतरवून ती देवापुढे जाऊन बसली. मला वाटलं, पाय दुखत असतील.

मग तिच्या डोळ्याचं निघालं. डावा डोळा फार पूर्वीच अधू झालेला, सगळी भिस्त उजव्यावर. आणि उजव्यात मोतीबिंदू. आम्हाला कळलं ते मसाल्यामुळे. दर उन्हाळ्यात आई लालबागला जाऊन मिरच्या घेते, दोन-तीन जातींच्या, त्या उन्हात वाळवते, देठ काढते, बाकीचा जिन्नस घरी भाजते आणि मग सगळं डंकावर नेऊन समोर बसून कुटून घेते. मिरची चांगली की वाईट ते तिला नुसत्या रंगावरून कळायचं. दुकानदार तिला टरकून असायचे. गेल्या उन्हाळ्यात धणे करपले आणि तिला ते वास आल्यावर कळलं. वर्षभर आम्ही काळपट मसाला खाल्ला आणि एकमेकींना सांगितलं की चव आहे तशीच आहे.

परळच्या ज्या हॉस्पिटलात तिला दाखवलं तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून बोलायच्या. म्हणाल्या, "आजी, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. अजून कडक झाला तर ऑपरेशन अवघड जाईल. उशीर नको." त्यांचा ऑपरेशनचा वार मंगळवार. आईला ते पसंत पडलं. मंगळवार देवीचा.

सूचना साध्या होत्या: हलकं खाऊन या, बीपीची गोळी घेऊन या, बरोबर माणूस आणा. मी शाळेतून रजा घेतली. त्या सकाळी माझी नेहमीसारखीच तारांबळ. फाइल सापडेना, टॅक्सीवाला खाली उभा राहून फोन करतोय. आईच्या तळहातावर गोळी ठेवली. ती म्हणाली, "देवाक नमस्कार करून घेतंय." देवघराकडे गेली, परत आली. "घेतलीस?" "घेतलंय मा." मी फाइल शोधायला वळले.

हॉस्पिटलात तिला हिरवा झगा घातला, डोळ्यात थेंब घातले, भुवईच्या वर पेनानं खूण केली. मग सिस्टरनं बीपी घेतलं. परत घेतलं. दुसऱ्या हाताचं घेतलं. आकडा दोनशेच्या घरात. तासभर पडू दिलं, उतरला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या दाबावर डोळा उघडणं धोक्याचं आहे, आत रक्तस्राव झाला तर आहे ती नजरही जाईल. आधी बीपी आटोक्यात आणा.

भुवईवरची ती खूण घेऊन आई घरी आली. सगळ्या मजल्यावरच्या बायका विचारायला आल्या, तर ही म्हणते, "माझा काय नाय, मशीन बिघडला तेंचा."

रविवारी बघितलं तर एकशे अठ्ठावीस.

गणितात उत्तर चुकलं की पायऱ्या तपासायच्या असतात, म्हणून मी तपासायला लागले. मशीनचे सेल बदलले. पट्टा लहान पडतो का ते बघितलं. मग मोर्चा स्वयंपाकघराकडे. लोणच्याची बरणी शेजारी गेली, पापड गेले. माळ्यावरच्या डब्यात गावाहून आलेले खारे बांगडे सापडले, ते मी तिच्यासमोर पिशवीत भरले. "मीठ खाऊ नको म्हटलं तर वरणात घालत नाहीस, आणि हे काय आहे?" "ता मीठ नाय, ते बांगडे," ती म्हणाली. आमचे फॅमिली डॉक्टर रविवारचे आकडे बघून म्हणाले, औषध वाढवायची गरज दिसत नाही, काही जणांचं हॉस्पिटल बघूनच चढतं. तेही मी लावून बघितलं. पण माझी आई ना हॉस्पिटलला घाबरते ना कुणाला. खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत माझ्या फेऱ्या चालू. माझं स्वतःचं बीपी त्या दिवसांत काय होतं ते विचारू नका.

पुढच्या तारखेला मी आमचं मशीन पिशवीत घालून नेलं. झगा, थेंब, खूण, सगळं परत. हॉस्पिटलच्या मशीननं पुन्हा तसाच आकडा दाखवला तेव्हा मी विजयी मुद्रेनं पिशवीतून आमचं काढलं आणि सिस्टरच्या देखत लावलं. त्यानंही तेच दाखवलं. सिस्टर भली बाई होती, हसली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक तारीख देते. तेव्हाही असंच झालं तर आधी हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल, सगळ्या तपासण्या, त्यात महिने जातील. आणि मोतीबिंदू काही थांबत नाही."

टॅक्सीत आम्ही दोघी भांडलो. म्हणजे मी भांडले. तू मनात काय काय घेऊन बसतेस, मला काही सांगत नाहीस, आंधळी झालीस तर मी शाळेत जाऊ की तुझा हात धरून बसू. बोलून गेले आणि पर्समधले सुटे पैसे मोजायला लागले. आई खिडकीबाहेर बघत होती. तिला बाहेरचं काय दिसत होतं कोण जाणे.

घरी आल्यावर ती आडवी झाली ती उठलीच नाही. काही खाल्लंही नाही. तिन्हीसांजा झाल्या तेव्हा म्हणाली, "आज तू लाव दिवो." मी देवघरापुढे बसले. वात संपली होती, म्हणून वातींचा स्टीलचा डबा उघडला. कापसाच्या वातींमध्ये पांढऱ्या गोळ्या होत्या. एक-दोन नाही, डब्याचा तळ झाकेल इतक्या. तिच्याच, बीपीच्या.

मी डबा तसाच उचलून तिच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

तिनं हातानं चाचपलं आणि ओळखलं. "औषध टाकूचा नसता, म्हणान ठेवलंय."

"घेत का नाहीस पण?"

"रोज घेतंय. उपासाक नाय घेवक. पोटात अन्न नाय, गोळी कशी घेवची? पेज प्यायल्यार घेवची गोळी ती. आणि सकाळची गोळी रात्री कशी चलात?"

आईचा सोमवार मला जन्मापासून माहीत आहे. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत ती तोंडात काही घालत नाही. म्हणजे इतकी वर्षं दर सोमवारी गोळी बुडत होती, आणि मंगळवारी परत सुरू होत होती म्हणून निभावलं. "पण आज मंगळवार आहे," मी म्हटलं. "मंगळवार तू कधीपासून धरलास?"

तिनं कूस बदलली. मी परत विचारलं, जरा मोठ्यानं. तिनं पांघरूण ओढून घेतलं. मग मी ज्या आवाजात नववीला विचारते त्या आवाजात विचारलं.

"आरडा नको," ती उठून बसत म्हणाली. "तुझो बापूस असोच आरडत आरडत गेलो. जेवणाच्या ताटावर. माझ्यासमोर." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "सांगला की फळ जाता. तरी सांगतंय. गावच्या देवीक बोललंय, चेडवाचा प्रेशर खाली येय तवसर मंगळवार धरीन."

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. मी तिथंच जमिनीवर बसले. सोमवार तिचा आणि मंगळवार माझा. सलग दोन दिवस गोळी नाही, मग मंगळवारी हॉस्पिटल. आणि मी मोजणार रविवारी, सलग पाच दिवस गोळ्या घेऊन झाल्यावर. बेरीज-वजाबाकीचं गणित, माझ्या नाकासमोर, आणि मी बांगडे फेकत बसले होते. मला हसू आलं, आणि ते हसू नव्हतं हे लगेच कळलं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला तोही अंदाजानं, आधी खांद्यावर पडला.

मला वाटलं, सुटलं. कुठलं काय. मी म्हटलं, उद्यापासून उपास बंद. ती म्हणाली, बोललंय ता बोललंय. मी फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अहो दुधाबरोबर द्या, नुसत्या पाण्याबरोबर द्या, पण द्या. फोन तिच्या कानाला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरा, बरा" म्हणाली आणि फोन मला परत दिला. "डॉक्टर चांगलो आसा. पण देवीचा तेका काय ठावक?" कडक उपास म्हणजे कडक, दूधही नाही. नवस अर्ध्यावर सोडला तर तो उलटतो, आणि उलटला तर तिच्यावर नाही, माझ्यावर. त्यापुढे डॉक्टरांचं काय चालणार.

एकच वाट होती. माझं बीपी खाली यायला हवं होतं. किती खाली, तेही तिनं पक्कं धरलं होतं: "एकशे तीसच्या खाली. डॉक्टरान तुका सांगल्यान मा तसा." ते उतरलं की नवस फिटला. नवस फिटला की मंगळवारी पेज, गोळी आणि डोळा. उरलेला एक सोमवार मी हातापाया पडून सोडवून घेतला असता. तो नवसाचा नव्हता, नुसता सवयीचा. तिची नजर आता माझ्या दंडाच्या पट्ट्यात अडकली होती.

मग मी शांत व्हायला लागले. माणूस किती अशांतपणे शांत होऊ शकतो ते मला त्या दिवसांत कळलं. सकाळी जिन्यानं उतरायचं, संध्याकाळी गच्चीवर चालायचं, बिनमिठाची भाजी, चहा बंद. वर्गात मी इतक्या हळू बोलायला लागले की मुलांना वाटलं माझा घसा बसलाय. एका मुलीनं खडीसाखर आणून दिली. रोज घरी आले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायची आणि त्या पाच मिनिटांत मला आईचा उजवा डोळा दिसायचा, तो दुधाळ होत चाललेला ठिपका. बटण दाबलं की आकडा वरच. जेवढं खाली ये म्हणावं तेवढं ते वर. माझं मन कढईतल्या फुटाण्यासारखं, आणि वर झाकण दाबून मी म्हणत होते, गप.

तारखेच्या आधीचा रविवार आला. आई आधी स्वतःचं मोजायला बसलीच नाही. खुर्ची माझ्यापुढे ओढून बसली आणि म्हणाली, "आज तुझा पयला."

पावलं जमिनीवर, पाठ टेकलेली, हात उशीवर. मी एक शब्द बोलले नाही. पट्टा आवळला, सैल झाला, मशीन वाजलं. एकशे सेहेचाळीस.

आई पुढे वाकली. नाक पडद्याला लागेल इतकी वाकली. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "किती इला गे?"

तिला दिसत नव्हतं. मोठेमोठे काळे आकडे, वीतभर अंतरावर, आणि तिला दिसत नव्हते. तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीही ठरलेलं नव्हतं हे शपथेवर सांगते. उत्तरपत्रिकेत अर्धा गुण जास्त पडला तर मी परत मागून घेते, अशी माझी ख्याती आहे.

"एकशे अठ्ठावीस," मी म्हटलं आणि मशीन बंद केलं.

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली, देवघराकडे तोंड करून हात जोडले, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, अधू डाव्यातूनसुद्धा. "पावली," म्हणाली. मला इतकी भीती वाटली की मी उठून उगाच गॅस बघून आले. देवीवर माझा विश्वास आहे की नाही हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या वेळी मी मनात तिला म्हटलं, उलटायचं असेल तर माझ्यावर उलट, हिच्या डोळ्यावर नको.

ओटीचं सामान गावी जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर रवाना झालं. सोमवार तिनं कुरकुरत सोडला, "शंकर भोळो आसा, समजून घेतलो" असं स्वतःलाच सांगत. त्या दोन्ही सकाळी तिनं पेज प्यायली आणि गोळी माझ्यासमोर घेतली. हॉस्पिटलात सिस्टरनं बीपी मोजलं, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. दार बंद झालं. बाहेर बसायला बाकं होती, मी एकावरही बसले नाही.

ऑपरेशन नीट झालं. थेंब, काळा चष्मा, डोकं ओलं करायचं नाही, वाकायचं नाही, सगळं झालं. एका सकाळी ती गॅलरीत उभी राहून मला म्हणाली, "तुझे केस कधी पिकले?" त्याच आठवड्यात शेजारीण लालबागहून मिरच्या घेऊन आली, तर आईनं तिच्या पिशवीत हात घालून एक मिरची काढली, उजेडात धरली आणि म्हणाली, "फसवल्यान तुका." मी स्वयंपाकघरात तोंड लपवून हसले. मला वाटलं, आता सगळं जागेवर आलं.

पुढच्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा तिनं पट्टा माझ्या हातातून घेतला. स्वतः बांधला, दोन बोटं जातील इतका सैल. बटणही तिनंच दाबलं. मशीन वाजलं तेव्हा मी ते उचलायला हात पुढे केला, तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि वाचलं, एकेक आकडा, पहिलीतल्या मुलासारखं.

"एक. चार. चार."

मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं मला इतकं स्वच्छ बघितलं नव्हतं.

"त्या रविवारी किती होता?"

मी मशीनच्या डब्याचं झाकण शोधायला लागले.

"खरा सांग."

"एकशे सेहेचाळीस."

तिनं पट्टा सोडला, नीट गुंडाळला, डब्यात ठेवला. "म्हणजे दोन उतारला," एवढंच म्हणाली, आणि पेज ढवळायला गेली. दिवसभर त्यावर एक अक्षर नाही. मी मात्र दिवसभर भांडण व्हायची वाट बघत घरभर फिरत होते.

मंगळवारी पहाटे मी शाळेची पिशवी घेऊन निघाले तर ती देवघरापुढे बसलेली, आंघोळ करून, केस ओले. समोर पेज नव्हती. दुधाची वाटी होती. मी दारातच थांबले. माझ्या मानेच्या शिरा तटतटल्या, तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"दूध चलता," ती म्हणाली. "देवीक इचारलंय."

तिनं गोळी जिभेवर ठेवली, दुधाचा घोट घेतला आणि गिळली. मग माझा भरवसा बसावा म्हणून तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करूनसुद्धा, लहान पोर दाखवतं तसं.

"जा आता, उशीर होतलो," ती म्हणाली. "आज वर्गात आरडा नको. माझो उपास आसा."